धाकट्याची खोली

४ फेब्रुवारी, बुधवार

शिकवणाऱ्या बाईंनी रोज चार ओळी लिहायला सांगितल्या आहेत. कुणी तपासणार नाही, कुणी वाचणार नाही म्हणाल्या. मग लिहायचं कशाला, हे मी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी शिंगं दाखवू नयेत.

धाकट्याला खोली मिळाली, तिच्यापायी हा वर्ग माझ्या गळ्यात पडला. धाकटा म्हणजे माझा पाठचा भाऊ. वय चव्वेचाळीस, पण धाकटा तो धाकटाच. लिफ्ट दुरुस्त करायचा. हातात कसब होतं. दारूने आधी परवाना गेला, मग नोकरी, मग बायको. व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेऊन बाहेर येणार म्हणून मी माझ्या घरातली त्याची नेहमीची आतली खोली झाडूनपुसून ठेवली होती. तर हा म्हणाला, "ताई, मी केंद्राच्या घरात राहतो."

केंद्राची तीन मजली इमारत आहे. दारू सोडलेले, मनाच्या आजारातून उठलेले लोक तिथे राहतात. ज्याची त्याची खोली वेगळी, मजल्यावर मिळून एक स्वयंपाकघर, खाली टेबलाशी एक मदतनीस. पहिले तीन महिने परीक्षेचे. दिवसा काहीतरी काम हवंच. पाय घसरला आणि स्वतः येऊन सांगितलं तर खोली जात नाही, लपवलं तर जाते. आणि घरच्या एका माणसाने आठ बुधवार संध्याकाळी हा वर्ग करायचा.

घरचं माणूस म्हणजे मीच. दुसरं आहे कोण?

वर्गात अर्धे आमच्यासारखे नातेवाईक, अर्धे मदतनीस व्हायला शिकणारे. त्यांना पुढे पगार मिळणार, आम्हाला चहा. बाईंनी ओळख करून द्यायला सांगितली. मी म्हटलं, "मी धाकट्याची मोठी बहीण."

"ते कळलं," बाई म्हणाल्या. "आता तुमच्याबद्दल सांगा."

"सांगितलं की."

काही जण हसले. का ते कळलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

धाकटा जेवायला आला. गालांवर थोडं मांस चढलंय. शेजारी कोण आहेत, झोप लागते का, गोळ्या वेळेवर घेतोस का, पैसे कुठे ठेवतोस, एवढंच विचारलं. तर म्हणाला, "ताई, घास तरी गिळू दे."

मी त्याला फार फोन करत नाही. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी. बस.

जेवल्यावर त्याने स्वतःचं ताट घासून ठेवलं. तो गेल्यावर मी ते पुन्हा घासलं. कडेला साबण राहिला होता.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज बाई पहाऱ्याबद्दल बोलल्या. म्हणाल्या, "माणसाला ऊठसूट विचारलं, पडलास का, पडलास का, तर तो रस्ता सोडून स्वतःच्या पायांकडेच बघत राहतो. मग पडतो." अगदी खरं आहे. समोर एक गृहस्थ बसतात, त्यांचा मुलगा केंद्रात आहे. ते मुलाच्या खिशांचा वास घेतात, असं त्यांनीच सांगितलं. मला त्या मुलाची दया आली. मी कधी धाकट्याचे खिसे बघत नाही. कोट टांगताना हाताला काही लागलं तर लागलं.

येताना केंद्राच्या इमारतीवरून आले. वाट जरा लांबची आहे, पण तेवढाच पायांना व्यायाम. त्याच्या खिडकीत दिवा होता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

धाकट्याला काम मिळालं! जुन्या खुर्च्या, सोफे यांची गादी आणि कापड बदलून देणारं दुकान आहे. एक बाई एकट्या चालवतात. त्यांना एवढंच माहीत आहे की हा पूर्वी लिफ्टचं काम करायचा. आपली गोष्ट कुणाला आणि केव्हा सांगायची ते ज्याचं त्याने ठरवायचं, असा केंद्राचा नियम. धाकटा म्हणतो, "थोडं काम दिसू दे माझं. मग मीच सांगणार आहे."

मी म्हटलं, "कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्याने विषय बदलला. पटलं असावं.

आमच्या लॅबमध्ये आज गंमत झाली. आम्ही कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे येतात, त्यांत प्लास्टर ओतून साचे होतात, आणि मेणात एकेक दात बसवणं हे माझं काम. आम्हाला माणूस कधी दिसत नाही, जबडाच दिसतो. आज मालकांनी एक साचा पुढे केला. दात वरून घासून सपाट झालेले. "बघा ताई, हा रात्रभर झोपेत दात खातोय. कुणावर एवढा राग काढतोय कोण जाणे."

मी म्हटलं, "आणि दिवसा स्वतःला फार शांत समजत असेल."

हल्ली सकाळी माझाच जबडा दुखतो. उशी बदलायला हवी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज जोड्या लावून बोलायचा सराव. माझ्या वाट्याला ट्रक आला. हे नाव मी मनातल्या मनात ठेवलंय. खांदे तेवढेच रुंद, आणि पूर्वी ट्रकच चालवायचा. स्वतः दारूतून उठला, आता मदतनीस व्हायला शिकतोय. केंद्राच्या इमारतीत खाली टेबलाशी बसायलाही लागलाय. बाई मला म्हणाल्या, "तुम्ही भाऊ व्हा. हे ताई होतील."

ट्रक ताठ बसला, हात मांडीवर घेतले आणि म्हणाला, "कुठे होतास?"

"कामावर," मी म्हटलं.

"इतका वेळ?"

"बस उशिरा आली."

"जेवलास?"

"हो."

"काय जेवलास?"

"पाव आणि अंडी."

"एवढंच? डोळे का लाल आहेत?"

"धूळ गेली."

"माझ्याकडे बघून बोल."

मला त्याच्याकडे बघवेना. मी एकदम ओरडले, "अहो, मी काहीही केलेलं नाही!"

बाईंनी हळूच विचारलं, "काय वाटलं ताई?"

"ह्यांनी फार वाढवून केलं," मी म्हटलं. "मी असं बोलत नाही."

ट्रक म्हणाला, "माफ करा ताई. तुम्ही कशा बोलता ते मला कुठे माहीत? मी माझ्या आईसारखं बोललो."

बिचारी. काय भोगलं असेल तिने.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं लिहावं की नाही? वाचणार कुणी नाही म्हणून लिहिते.

सकाळी धाकट्याने फोन उचलला नाही. लॅबमध्ये पोचल्यावर पुन्हा केला. बंद. बंद फोनचा अर्थ मला कुणी शिकवायला नको, त्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. मेणातला एकच दात पुन्हापुन्हा वाकडा बसायला लागला. मग हातांनी डोक्याला न विचारता परस्पर काम उरकलं. दुकानाचा नंबर माझ्याकडे होता. मी कुणाकडून मागून घेतला नव्हता, दुकानाच्या पाटीवरच असतो. फोन लावला आणि गोड आवाज काढून म्हटलं, "नमस्कार, मी त्याची बहीण बोलतेय. त्याला रात्रीपासून ताप आहे हो. आज काही येता यायचं नाही. मीच म्हटलं, अंगावर काढू नकोस."

हीच वाक्यं. लिफ्टच्या कंपनीत सगळ्यांना पाठ झाली होती.

पलीकडून त्या बाई म्हणाल्या, "ताप? अहो, तो सकाळपासून इथेच आहे. माझ्यासमोर बसून सोफा उसवतोय."

मी म्हटलं, "हो का," आणि फोन ठेवला.

त्याच्या फोनची बॅटरी संपली होती. चार्जर खोलीवर राहिला होता. एवढंच झालं होतं.

आमच्याकडे कवळ्यांना चमक आणायचं काम एकजण करते. सगळे तिला पॉलिशवालीच म्हणतात. तोंडाची फटकळ आहे. माझा चेहरा बघून म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, काही नाही. "काही नाही म्हणणाऱ्यांचं रोजच काहीतरी असतं," म्हणाली आणि यंत्र सुरू केलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

वर्गाला गेले नाही. डोकं दुखत होतं. खरंच दुखत होतं.

१ मार्च, रविवार

धाकटा आला, पण जेवायला नाही. कोटही काढला नाही. दारातच उभा राहून बोलला.

"ताई, दुकानात बाईंनी विचारलं मला, तुझी बहीण खोटं का बोलली?"

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं ते. दारू, लिफ्ट, केंद्र, सगळं. दुसरं काय सांगणार? माझी बहीण वेडी आहे म्हणून सांगू?"

"आत तर ये."

"एक आख्खी खुर्ची माझ्या हाताने पुरी करणार होतो. ती त्यांच्यापुढे ठेवून मग सांगणार होतो. मनात सगळं ठरवलं होतं, ताई. काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची. ते माझं होतं. तू घेऊन टाकलंस."

"मी काय घेतलं? मी तुला वाचवत होते."

"कशापासून? कामापासून?"

तो म्हणाला, ठेवायचं की नाही ते बुधवारपर्यंत सांगते, असं बाई म्हणाल्यात. "काम गेलं तर खोलीवरही गदा येईल. ठाऊक आहे ना तुला?" आणि गेला. जिन्यावर पावलांचा आवाजही नेहमीसारखा नव्हता. हळू होता. धाडधाड उतरला असता तर बरं वाटलं असतं.

आईने जाताना त्याला माझ्या स्वाधीन केलं, असं मी सगळ्यांना सांगते. त्यालाही सांगत आले. आईने असं काहीही सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवसांत ती फक्त खिडकी उघडा म्हणायची.

४ मार्च, बुधवार

वर्ग सुरू व्हायच्या आधी ट्रकला गाठलं. धाकटा रोज त्याच्या टेबलावरूनच ये-जा करतो. विचारलं, "काम राहिलं का त्याचं?"

"ताई, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही त्यालाच विचारा."

"तो बोलत नाही म्हणून तर तुम्हाला विचारतेय!"

"मग तो बोलेपर्यंत थांबावं लागेल."

शिकतोय चांगलं. राग आला मला, पण शिकतोय चांगलं.

वर्गात बाईंनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. मला काही सांगायचं नव्हतं, पण तोंड उघडलं आणि सगळं बाहेर पडलं. ताप, सोफा, सगळं. मला वाटलं आता खाली मान घालून ऐकून घ्यावं लागणार. तर खिशांचा वास घेणारे गृहस्थ म्हणाले, "हे काहीच नाही. मी मुलाचा आवाज काढून त्याच्या साहेबांना फोन केला होता. साहेब म्हणाले, तुमचा मुलगा इथे माझ्या शेजारीच उभा आहे, देऊ का?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून इतकं हसलो की बाईंना थांबावं लागलं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

घरी पोचले तोवर धाकट्याचा निरोप आला होता. तसाच उतरवून ठेवते. "काम राहिलं. दुकानातल्या बाई म्हणाल्या, तुझ्या बहिणीला सांग, माझा माणूस आजारी पडला तर ते मला त्याच्याच तोंडून कळायला हवं. आता काही रविवार येणार नाही. रागावलो नाहीये. येणार नाही, एवढंच."

रागावलेला माणूसच असं लिहितो.

१५ मार्च, रविवार

सवयीने दोघांचं रांधलं. उरलेलं उद्या डब्यात नेईन.

कपाटं आवरली. दिव्याच्या काचा पुसल्या. तरी संध्याकाळ उरलीच. संध्याकाळ एवढी मोठी असते हे मला माहीत नव्हतं. पूर्वी कुठे जायची ती? त्याची वाट बघण्यात. मग त्याला झोपवण्यात, मग सकाळी काय सांगायचं ते ठरवण्यात.

फोन केला नाही. म्हणजे केला, पण वाजायच्या आत ठेवला.

१८ मार्च, बुधवार

चहाच्या वेळी ट्रक शेजारी येऊन बसला. "काय चाललंय ताई?"

"त्याचं बरं चाललं असावं. दुकानात जातो म्हणे."

"मी तुमचं विचारलं."

मी चहा ढवळत बसले. साखर कधीच विरघळली होती. मग सांगितलं की मी मेणात दात बसवते. त्याला ते फार आवडलं. किती दात, कुठला आधी, वरचे आणि खालचे जुळतात कसे, सगळं विचारलं. बोलता बोलता चहा गार झाला. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल मला कुणी एवढं विचारलं नव्हतं. अर्थात त्यांना तसं शिकवतातच.

२५ मार्च, बुधवार

वर्ग संपला. बाईंनी एकेकाला विचारलं, काय घेऊन चाललात? मी म्हटलं, "खूप शिकले. विशेषतः दुसऱ्यांच्या घरी काय काय चालतं ते."

बाई हसल्या. म्हणाल्या, "दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नातेवाइकांची बैठक असते. कुणीही यावं. वर्ग नाही, नुसतं बसायचं आणि बोलायचं." मला आता त्याची गरज नाही, पण नाही म्हणणं बरं दिसेना.

९ एप्रिल, गुरुवार

आज पॉलिशवालीने ओढून नाटकाला नेलं. तिच्याकडे जास्तीचं तिकीट होतं. म्हणाली, "चल. नाहीतर घरी जाऊन पुन्हा भांडीच घासशील." आत शिरताना सगळ्यांना फोन बंद करायला लावले. पहिला अंक मी पर्समध्ये हात घालूनच बघितला. दुसऱ्या अंकात एक म्हातारा स्वतःच्याच घराचा दरवाजा विसरतो आणि शेजाऱ्याच्या पलंगावर जाऊन झोपतो. तिथे मला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी. पुढचा माणूस मागे वळून बघायला लागला, तर पॉलिशवाली त्याला म्हणते, "बघू नका, पैसे नाटकाचे दिलेत."

बाहेर येऊन आइस्क्रीम खाल्लं. घरी पोचेपर्यंत फोन सुरू करायचंही लक्षात राहिलं नाही. आज धाकट्याला एकदाही फोन केला नाही. ठरवून नाही, विसरलेच.

छान दिवस गेला.

१२ एप्रिल, रविवार

धाकट्याचा निरोप: "पुढच्या रविवारी माझ्याकडे जेवायला ये. मी करतोय."

या आठवड्यात परीक्षेचे तीन महिने भरतील. खोली पक्की झाली असणार, तेच सांगायला बोलावतोय. काय न्यावं? पडदे नेले असते, पण मापं नाहीत.

१९ एप्रिल, रविवार

शेवटी फुलं नेली.

खाली टेबलाशी ट्रक होता. त्याने नमस्कार केला, एवढंच. वर धाकट्याच्या मजल्यावर कांदा परतल्याचा वास होता. धाकट्याने बटाट्याची भाजी केली होती, अंडी उकडली होती, पाव होते. खोलीत एकच खुर्ची, ती मला दिली. नवं निळं कापड लावलेली, त्यानेच दुरुस्त केलेली. तो पलंगावर बसला. मी म्हटलं, "मीठ बरोबर पडलंय." खरंच पडलं होतं.

जेवण झाल्यावर म्हणाला, "ताई, सांगायचं होतं. तीन महिन्यांवर अजून एक महिना वाढवलाय. मागच्या आठवड्यात प्यालो."

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तो मी जपून खाली ठेवला.

"काही झालं नव्हतं," तो म्हणाला. "तेच तर. कुणी बोललं नाही, कसलं दुःख नाही. दिवस चांगलाच गेला होता. दुकानातून निघालो, पाय वळले. बागेत बसून निम्मी संपवली. मग इथे आलो. टेबलाशी हे होते, आत्ता खाली बसलेत तेच. फोनवर बोलत होते, पाठ होती माझ्याकडे. सरळ वर निघून आलो असतो तर कळलंही नसतं. जिन्याशी उभा राहिलो थोडा वेळ. मग परत मागे आलो आणि त्यांच्यासमोर बसलो."

"ते काय म्हणाले?"

"चहा करतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे बरोबर आले. तिथे ठेवून घेतलं मला सोमवारपर्यंत. तिथूनच तुला निरोप पाठवला. दुकानात मीच फोन करून सांगितलं."

"आणि मला?"

"आता सांगतोय ना."

"कुठला वार होता?"

"गुरुवार."

गुरुवार. मी दुसऱ्या अंकाला हसत होते. आइस्क्रीम खात होते. "मी त्या दिवशी फोन केला नव्हता," मी म्हटलं. "एकच दिवस. एक दिवस विसरले आणि…"

"ताई." त्याने मला थांबवलं. चिडून नाही. "केला असतास तर मी उचलला असता, ठीक आहे म्हणालो असतो, आणि मग प्यालो असतो. तुझ्या फोनने मी एकदाही थांबलेलो नाही. कधीच नाही. इतक्या वर्षांत."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी डोक्यावरून एक पोतं उतरल्यासारखं. दोन्ही एकदम. असं होऊ शकतं हे माहीत नव्हतं.

"मग मी इतकी वर्षं काय करत होते?" मी विचारलं.

"ते मला सांगता यायचं नाही," म्हणाला. "पण मी घरी यायचो तेव्हा दिवा लावलेला असायचा. ते मला आठवतं. कितीही प्यालो असलो तरी तेवढं आठवतं."

मी उठून भांडी गोळा करायला लागले. तो म्हणाला, "राहू दे. माझं घर आहे."

मी बसले. तो स्वयंपाकघरात गेला आणि मी नुसती त्या निळ्या खुर्चीत बसून राहिले. नळाचा आवाज ऐकत.

२२ एप्रिल, बुधवार

दुपारच्या सुट्टीत धाकट्याच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले. लिहायला लाज वाटते, पण राहिले. रस्त्याच्या पलीकडे, औषधांच्या दुकानाच्या आडोशाला. तो आणि त्या बाई एक लांबलचक सोफा टेम्पोत चढवत होते. सोफा दारात अडकला. धाकट्याने वाकून काहीतरी बघितलं, सोफा आडवा केला आणि अलगद बाहेर काढला. बाई हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. माझ्याच वयाच्या आहेत.

त्याला हाक मारावी असं वाटलं. मग काय म्हणणार होते? सहज आले होते?

परत आले. मालक म्हणाले, "आज उशीर झाला?" म्हटलं, "हो, माझं काम होतं." उगाच काही रचून सांगितलं नाही. काम होतं हेही खोटंच म्हणा.

४ मे, सोमवार

बैठकीला गेले. धाकट्यासाठी नाही, तिथला चहा बरा असतो.

खिशांचा वास घेणारे गृहस्थ होते. त्यांचा मुलगा केंद्र सोडून गेलाय, कुठे आहे माहीत नाही. सांगताना त्यांचे हात मांडीवर उघडे पडले होते. कुणी काही उपाय सांगितला नाही. कुणाकडे नव्हताच. मी माझी खुर्ची त्यांच्या जवळ ओढली. आधी ठरवलं नव्हतं, झालं तसं. निघताना म्हणाले, "तुमचा भाऊ कसा आहे?"

मी म्हटलं, "काल आला होता जेवायला. पुढच्या रविवारी येईल की नाही माहीत नाही."

"चालतं तुम्हाला? माहीत नसलेलं?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही. पण जेवले मी."

१६ मे, शनिवार

सुरुवातीला केंद्राचं पत्र येईल असं वाटत होतं, पण धाकट्यानेच फोन करून सांगितलं. खोली पक्की झाली. मी रडले, तो फोनवर ऐकत राहिला. मग म्हणाला, "ताई, दुकानात गिऱ्हाईक आलंय, ठेवू का?" म्हटलं, ठेव.

मालकांनी माझ्या जबड्याचा ठसा घेतला. माझा जबडा दुखतो, अशी पॉलिशवालीने चुगली केली होती. आता रात्री दातांवर एक पातळ आवरण घालून झोपायचं. माझंच आवरण मीच केलं. साचा हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. मागे मालकांनी दाखवलेल्या साच्यापेक्षाही सपाट आहेत दात.

३० मे, शनिवार

लॅब अर्धा दिवस. पॉलिशवालीबरोबर बूट घ्यायला गेले. त्यांचा एक गट रविवारी सकाळी टेकडीवर जातो. मलाही धरून नेणार आहेत. दुकानातला माणूस एकामागून एक खोकी उघडत होता आणि पॉलिशवाली प्रत्येकाला नावं ठेवत होती. मी एका पायात निळा, दुसऱ्या पायात करडा घालून आरशासमोर उभी, तेवढ्यात फोन वाजला. धाकटा.

"ताई, कामात आहेस?"

आवाज नेहमीचा होता.

"बुटांत आहे," मी म्हटलं. "नंतर करते."

करडे मळखाऊ होते. पॉलिशवालीने तेच घे म्हणून धोशा लावला. मी निळे घेतले. मग आम्ही कोपऱ्यावर चहा प्यायलो. तिने तिच्या सुनेच्या तक्रारी सांगितल्या, मी ऐकल्या, आणि मग सुनेची बाजू घेतली, त्यावरून थोडं भांडणही झालं. घरी येऊन बूट घालून आतबाहेर चालून बघितलं. टाचेला जरा लागतात, सैल होतील. उद्या सकाळी लवकर निघायचंय. धाकट्याला सांगून ठेवायला हवं होतं की उद्या मी दुपारनंतरच घरी असेन.

अरेच्चा, आत्ता लिहिताना आठवलं. त्याला परत फोन करायचा राहूनच गेला. झोपला असेल आता. उद्या बघू.